अकरा मिनिटं

धनपाल उईके नोकरी सोडून हैदराबादला गेला
तेव्हा चाव्या देऊन गेला, पासवर्ड देऊन गेला,
लॉग कुठे आहेत ते सांगायचं राहून गेलं.

पाच खरेदी केंद्रं, पाच सर्व्हर.
राळेगाव, वडकी, आर्वी, हिंगणघाट, सिंदी.
कापसाचं टोकन कोणी मागितलं, कधी मागितलं, मिळालं की नाही,
सगळं लिहून ठेवतात म्हणे ही यंत्रं.
कुठे, ते तेवढं विचारायचं नाही.

राळेगावचं जागच्या जागी होतं.
वडकीचं 'जुनं' नावाच्या फोल्डरात, त्यात आणखी एक 'जुनं',
त्यात 'खरं जुनं'.
सिंदीच्या यंत्रावर सरकीची धूळ, पंखा दमेकऱ्यासारखा,
आणि फाइल इतकी फुगलेली
की ती उघडेस्तोवर माझा चहा निवला.
आर्वीचं चार दिवस सापडलं नाही.
डिस्क भरली म्हणून धनपालनं
लिहिणंच दुसरीकडे वळवलं होतं,
रात्री पाटाचं पाणी वळवावं तसं, कुणाला न सांगता.

माझा बा कोतवाल होता.
दर मंगळवारी चार गावांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून
सायकलनं तहसिलीत जायचा:
जन्मले किती, मेले किती, कोणाचा बैल कोणाच्या तुरीत.
मी तेच करते.
पाचही गावच्या ओळी आता माझ्या टेबलावर येतात,
वेळेप्रमाणे एकाखाली एक,
दोनशे, दोनशे, दोनशे,
मधेच एखादं चारशे चार:
कोणीतरी नसलेलं पान मागतं, रोज रात्री मागतं,
त्याला रोज नाही म्हणून सांगितलं जातं, तेही लिहिलेलं असतं.

पहिल्या रात्री नुसती बघत बसले.
राळेगावनं आर्वीला निरोप धाडला नऊ वाजता.
आर्वीच्या लेखी तो पोचला नऊ अकराला.
आर्वीनं लगेच उत्तर दिलं, नऊ अकराला.
ते राळेगावला मिळालं
नऊ वाजता.

उत्तर निघण्याआधीच पोचत होतं.

एकट्या आर्वीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, सगळं ठीक.
एकटं राळेगावही तेच म्हणालं असतं.
शेजारी शेजारी बसवल्यावर कळलं
की एकीचं घड्याळ दिवाळीपासून पुढे पळतंय.

शेवंता मडावी आठवली.
डिसेंबरातला शुक्रवार, आर्वीची खिडकी,
सहानंतर टोकन द्यायचं नाही असा नियम
आणि तिच्या नावावर तीन टोकनं, सहा वाजून चार मिनिटं.
तिथल्या बाबूनं स्क्रीनचा फोटो पाठवला होता.
मी त्या एका ओळीभोवती लाल गोल काढला, खाली सही केली.
'म्या त सहाच्या आतच देल्ले जी मॅडम.
जिनिंगचा भोंगा बी झाला नव्हता.'
यंत्र खोटं बोलत नाही, मी तिला म्हटलं होतं.
चांगल्या शब्दांत म्हटलं होतं.

सहा चारमधून अकरा वजा केले.
बोटांवर केले, मग कागदावर.

घड्याळ दुरुस्त करायला एक आज्ञा पुरते.
आर्वीचं दहा पंधरा होतं, दहा चार झालं,
आणि लॉग न कुरकुरता मागून पुढे लिहीत सुटला.
त्या फाइलीत ती अकरा मिनिटं आता दोनदा आहेत.
पुसायला गेले, पुसली नाहीत.

साहेब म्हणाले, बंद झालेलं प्रकरण काऊन उकरता?
मी अर्ज टाइप केला. पाचही ओळी जोडल्या.
या खेपेला लाल गोल माझ्या सहीभोवती.

शेवंता सूतगिरणीत लागली म्हणतात, देवळीकडे कुठेतरी.
तिचा नंबर लागतो, वाजत राहतो.
भोंगा होऊन गेला, मी पुन्हा लावते.
माझ्या फोनमध्ये नोंद पडते:
सहा वाजून तीन मिनिटं. उत्तर नाही.